धारप पुन्हा वाचले, भीती गेली कुठं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही ४३ वर्षांचे. सहावी-सातवीची दोन वर्षं साताऱ्यात, मंगळवार पेठेतल्या आजोळच्या वाड्यात काढलीत. मामाच्या कार्डावर वाचनालयातून भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं आणायची, माडीवर बसून संपवायची आणि रात्री परसातल्या संडासाला जायची वेळ आली की आजीला उठवायचं. आता पुण्यात आठव्या मजल्यावर राहता. दिवाळीत हौसेनं धारपांची पाच पुस्तकं मागवलीत, आठवड्यात संपवलीत आणि काहीच झालं नाही. भीती तर नाहीच, उलट भाषा पुस्तकी वाटली, बायका नुसत्या किंचाळण्यापुरत्या आहेत असं जाणवलं, आणि वर कुणीतरी सांगितलं की काही कथानकं अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगची आहेत. फसवल्यासारखं झालं. मुलगा ११ वर्षांचा, 'बाबा, खरंच भीती वाटेल असं काहीतरी दे' म्हणून मागे लागलाय. ही पुस्तकं त्याला द्यावीत का? पत्नीचं म्हणणं, कशाला पोराच्या डोक्यात भुतं भरायची.

माझं म्हणाल तर मी सांगलीत २९ वर्षं खासगी वाचनालय चालवतो. त्याआधी चार वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर होतो. मी समीक्षक नाही. कुणी कुठलं पुस्तक नेलं, किती दिवसांनी आणलं आणि परत देताना चेहरा कसा होता, माझं ज्ञान एवढंच. पण 'लहानपणी वाचलेलं ते पुस्तक आहे का हो तुमच्याकडे?' असं विचारत येणारी चाळिशीतली माणसं मी भरपूर पाहिलीत. पुस्तक परत करताना त्यातल्या बऱ्याच जणांचा चेहरा तुमच्या प्रश्नासारखाच असतो.

तुम्ही विचारलंय, पुस्तकं वाईट होती की मी बावळट होतो? मला वाटतं, अडचण वेगळीच आहे. तुम्ही या पुस्तकांना लहानपणची पुस्तकं म्हणता, पण ती लहान मुलांसाठी लिहिलेली नव्हतीच. ती तुमच्या मामाची पुस्तकं होती. तुम्ही ती कुंपणावरून वाकून वाचलीत. मला विचाराल तर भीतीचा निम्मा माल त्या वाकण्यात होता.

आपल्याकडे हे असं का झालं, ते जरा बघा. मराठी मुलाला भूत भेटायचं ते आधी 'चांदोबा'त. मराठी 'चांदोबा' १९५२ पासून निघायला लागला आणि खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालणारा विक्रमादित्य आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढं कायमचा उभा राहिला. शंकर यांनी काढलेलं ते चित्र खरं तर भयंकर आहे. पण तो वेताळ कोडं घालतो, राजा उत्तर देतो, वेताळ पुन्हा झाडावर. त्याची भीती वाटत नाही, त्याची सवय होते. मग साहस हवं तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. तो पोरगा भुताच्या मागं लागला असता तर भूतच पळालं असतं. आणि चेटकीण पाहायची तर नाटकात. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण, दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली, पोरांना हसवून लोळवायची. हेच मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत तेव्हा माणसाच्या मनातलं असं काही बाहेर काढत की मी स्वतः दोन कथासंग्रह अर्ध्यावर ठेवलेत. पण त्यांची बालनाटकं आणि गूढकथा यांची कपाटं वेगळी. मधलं कपाट, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या पोराला खरी भीती दाखवील आणि तरी त्याचं वय लक्षात ठेवील असं लेखन, मराठीत जवळजवळ रिकामंच होतं. म्हणून पोरं 'चांदोबा'वरून उडी मारायची ती थेट धारपांवर.

इंग्रजीत हे मधलं कपाट भरलेलं आहे, आणि ते कसं भरलंय हे पाहिलं की धारपांचं वेगळेपण चटकन कळतं. आमचे एक जुने सभासद अमेरिकेला मुलाकडं राहायला गेले. परत आल्यावर त्यांनी नातीची पुस्तकांची एक पेटी मला दिली. त्यात जॉन बेलेअर्स नावाच्या लेखकाची 'द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स' ही १९७३ ची कादंबरी होती. लुईस नावाचा दहा वर्षांचा पोरका, जाडगेला, खेळात कच्चा मुलगा १९४८ साली मिशिगनमधल्या एका लहान गावात काकाकडं राहायला येतो. काका बेताचा जादूगार, शेजारीण चांगली चेटकीण आणि काकापेक्षा कितीतरी वरचढ. भिंतीत कुठंतरी एक घड्याळ टिकटिकतंय आणि ते एका दुष्ट जादूगारानं जगबुडीसाठी लावून ठेवलंय. गोष्ट भीतीची आहेच. चित्रंही एडवर्ड गोरीची, ती बघून मोठ्या माणसालाही दिवा लावावासा वाटेल. पण मला त्यातलं आवडलं ते निराळं. स्मशानात मेलेल्या बाईला उठवतो तो लुईसच. का, तर शाळेतल्या एका लोकप्रिय पोरानं आपल्याशी मैत्री तोडू नये म्हणून, त्याच्यावर छाप पाडायला. म्हणजे भूत येतं ते पोराच्या स्वतःच्या चुकीतून, आणि ती चूक प्रत्येक पोरानं केव्हा ना केव्हा केलेली असते. आणि ते निस्तरायला घरात दोन मोठी माणसं असतात. ती त्याच्याबरोबर पत्ते खेळतात, कुकीज भाजून देतात आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतात. बेलेअर्स १९९१ साली वारले, पण त्यांची अपुरी राहिलेली हस्तलिखितं ब्रॅड स्ट्रिकलंड यांनी पूर्ण केली आणि मालिका पुढं चालवली. २०१८ साली या कादंबरीवर सिनेमाही आला.

धारपांच्या पुस्तकात तुम्हाला असं घर मिळालं नाही. तिथं नोकरी, बदली, भाड्याचं घर, वारसाहक्क, बायकोशी झालेली कुरबुर या मोठ्यांच्या जगात भूत शिरतं. अकरा वर्षांच्या तुम्हाला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. आणि जिथं कळत नाही तिथं पोर स्वतःच्या घरातलं सामान भरतं. तुम्ही भरलंत मंगळवार पेठेतलं: परस, कंदिलाची सावली, वाजणारा जिना. आता ४३ व्या वर्षी नोकरी, बदली आणि भाड्याचं घर तुम्हाला नको इतकं कळतं. भरायला रिकामी जागाच उरली नाही, भीती बसणार कुठं?

हे माझं नुसतं तर्कट नाही. माझ्यावरच ते एकदा गुदरलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हाची गोष्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची; त्या वेळी कृष्णा ती ओलांडून कितीतरी वर गेली. माझं वाचनालय तळमजल्यावर, घर वर. २००५ चा अनुभव होता म्हणून 'तेव्हा इथवर आलं होतं, आता त्याच्या वर थोडंच येणार' अशा हिशेबानं खालचे दोन कप्पे रिकामे केले आणि निवांत बसलो. पाणी तिसऱ्या कप्प्याला लागल्यावर पळापळ झाली. आधी अनामतीचं रजिस्टर आणि दाखल-नोंदीची वही वर नेली, मग दाराजवळचं कपाट, कारण तेच हाताशी होतं. दाराजवळच्या कपाटात जास्त फिरणारी पुस्तकं असतात. म्हणजे रहस्यकथा, पाककृती आणि धारप. ज्ञानकोशाचे खंड, चरित्रं, मी वर्षानुवर्षं गोळा केलेली नाटकांची पुस्तकं खाली राहिली आणि लगदा झाली. हा हिशेब मी अजून कुणाला नीट सांगत नाही, लाज वाटते.

तर वीज गेलेली, मोबाइल मेलेला, बायको माहेरी मिरजेला सुखरूप, मी एकटा वरच्या मजल्यावर. खाली आपल्याच दुकानात पाणी हलतंय आणि टेबल भिंतीला आपटून मधूनच ठक् असा आवाज येतोय. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. दुसऱ्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाचायला म्हणून जे हाती लागलं ते धारपांचं होतं. वीस-पंचवीस वर्षांत मी त्यांचं एक पान वाचलं नव्हतं. रोज हाताळत होतो, वाचत नव्हतो. आमच्या धंद्यात हे होतंच. पहिल्या पंधरा-वीस पानांत काहीसुद्धा घडत नाही. एक समजूतदार माणूस समजूतदार भाषेत आपली परिस्थिती सांगतो. घर कसं आहे, तिथं कोण येतं-जातं, आपण इथं का आलो. तुम्ही ज्या भाषेला पुस्तकी म्हणालात तीच. आणि मला त्या रात्री कळलं की ती भाषा तशी का आहे. सांगणारा माणूस घाबरट वाटता कामा नये. त्यानं आदळआपट केली, विशेषणं उधळली, की आपण सावध होतो. तो बँकेच्या अर्जासारखं बोलतो म्हणून आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि मग तो त्याच सुरात एक वाक्य असं टाकतो की त्याच्या पुढं वाचायच्या आधी मी मेणबत्ती घेऊन जिन्याचं दार लावून आलो. वय तेव्हा बावन्न.

पूर ओसरल्यावर दोन महिन्यांनी तीच गोष्ट दुपारी काउंटरवर बसून वाचली. काही नाही. चांगली बांधलेली गोष्ट, एवढंच.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न: ती पाच पुस्तकं तुम्ही कुठं आणि कशी वाचलीत? एका आठवड्यात पाच म्हणजे बहुतेक रोज रात्री जेवणानंतर टीव्हीच्या आवाजात, मध्ये चार वेळा फोन बघत. तसं असेल तर निकाल देण्याची घाई करू नका. शिवाय लोकप्रिय लेखक सलग वाचला की त्याच्या शिवणीचा टाका दिसायला लागतो. कुठल्या पानावर वाळूचं घड्याळ उलटणार हे तिसऱ्या पुस्तकात कळतं. लहानपणी वाचनालयातून आठवड्याला एकच मिळायचं, आणि तेही कुणी आधी नेलेलं नसेल तर. दोन पुस्तकांच्या मध्ये आठ दिवस होते, त्या आठ दिवसांत भीती मुरायची. माझं सांगणं असं की कादंबरी बाजूला ठेवा, एक कथा घ्या, एकटे असाल त्या रात्री वाचा, आणि त्या महिन्यात दुसरी वाचू नका. आवडेलच असं नाही. जी मंडळी खूप सिनेमे-मालिका बघतात त्यांना तरीही काही होत नाही, हेही पाहिलंय. पण निदान परीक्षा बरोबर घेतली असं होईल.

आता ते किंगचं. 'लुचाई'ला आधार किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'चा, 'शपथ'ला १९८६ च्या 'इट'चा, आणि 'आजी' ही कथा किंगच्याच 'ग्रॅमा'वरून. हे खरं आहे. त्या 'आजी'चा धागा पुढं २०१८ च्या 'तुंबाड' सिनेमापर्यंत गेला आणि त्या हिवाळ्यात माझ्याकडं कॉलेजची पोरं धारप मागायला आली, जी एरवी इकडं फिरकत नाहीत. मूळ लेखकाचं नाव रूपांतराच्या पुस्तकावर ठसठशीत असलं पाहिजे, याबाबत मी तुमच्या बाजूनं आहे. पण फसवणूक हा शब्द मला जड वाटतो. मी ज्या गावात बसून हे लिहितोय त्याच्या शेजारी, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, आणि गोविंद बल्लाळ देवल त्या हरिपूरचे. त्यांचा 'झुंझारराव' म्हणजे शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो', आणि 'संशयकल्लोळ'चं मूळ मोलिएरपर्यंत जातं. म्हणून 'संशयकल्लोळ' मराठी नाही असं म्हणायची सांगलीत कुणाची छाती आहे का? रूपांतरात बघायचं असतं ते हे की माणसानं काय बदललं. किंगच्या या दोन्ही कादंबऱ्या अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या छोट्या गावांत घडतात. तिथं रक्तपिपासूला क्रूस दाखवला की काम होतं. आपल्याकडं काय दाखवायचं? कुणाकडं जायचं? घरातलं कोण विश्वास ठेवील, आधी कोण हसेल? इंग्रजी वाचत असाल तर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एवढंच बघा. पुन्हा वाचण्यातली मजा तुमच्या वयाला यात मिळेल, भीतीत मिळाली नाही तरी. आणि १९९४ च्या साताऱ्यात सहावीतल्या पोराच्या हाती स्टीफन किंग कुणी दिला असता?

शिवाय सगळे धारप म्हणजे किंग नव्हे. 'समर्थ' हे पात्र त्यांचं स्वतःचं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तेच पुढं करायचंय, पण आधी बायकांच्या चित्रणाबद्दल. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, मी वकिली करणार नाही. तो काळाचा दोष आहे असं म्हणून सोडूनही देता येतं, पण त्याच काळात बरं लिहिणारेही होते. मुलानं वाचलं तर त्यावर बोला, एवढंच.

मुलाला द्यावं का, हे पोरावर अवलंबून आहे, आणि ते पोर तुम्ही ओळखता, मी नाही. तरी काउंटरवरून दिसलेलं सांगतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'काय दिसतं' याची भीती वाटते: दात, नखं, डोळे. अकरा-बाराच्या पुढं भीती बदलते. आपण सांगितलं आणि मोठ्यांनी विश्वासच ठेवला नाही तर? आईचा चेहरा तोच आहे पण ती आई नसली तर? या वयाचं पोर रक्ताला बिचकत नाही, एकटं पडण्याला बिचकतं. म्हणून पुस्तक निवडताना किती माणसं मेली हे मोजू नका. शेवटी पोराच्या बाजूनं कुणी उभं आहे का, ते बघा. समर्थांच्या कथांत ते आहे. काहीतरी भयानक घडतंय, पण ते काय आहे हे जाणणारा आणि त्याला पुरून उरणारा एक माणूस गोष्टीत आहे. वाचणारं पोर त्याचं बोट धरतं. सुरुवात तिथून करा. ज्या कादंबऱ्यांत शेवटी दार उघडंच राहतं, त्या दोन-तीन वर्षांनी.

एक चूक सांगतो, माझीच. वाचनालयाच्या सुरुवातीच्या वर्षांत सहावीतल्या एका मुलीनं आजोबांच्या कार्डावर धारपांची एक कादंबरी नेली. दुसऱ्या दिवशी आई पुस्तक घेऊन दारात. पोरगी रात्रभर झोपली नाही, दिवा मालवू दिला नाही, तुम्हाला काही कळतं की नाही? मी माफी मागितली आणि तिरीमिरीत त्या सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर लाल पट्टी चिकटवली: मोठ्यांसाठी. महिन्याभरात पोरं कपाटासमोर उभं राहून लेखकाचं नाव वाचायची बंद झाली, थेट लाल पट्टी शोधायला लागली. जाहिरातीला मी पैसे दिले असते तरी एवढं झालं नसतं. गुपचूप सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या. आणि ती मुलगी? चार दिवसांनी एकटीच आली आणि कोपऱ्यात उभी राहून शेवटची तीस पानं वाचून गेली. आईनं पुस्तक मध्येच काढून घेतलं होतं, ते तिला जास्त छळत होतं. तेव्हापासून आईबापांना एक सांगतो: नको असेल तर आधीच देऊ नका, पण पोर निम्म्यावर असताना पुस्तक हिसकावू नका. गोष्टीतलं भूत शेवटच्या पानावर मरतं. निम्म्यावर सोडलेलं घरात राहतं.

तुमच्या पत्नीच्या म्हणण्याला मी हसणार नाही. तुम्ही साताऱ्याचे, डॉ. नरेंद्र दाभोलकरही साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भुताच्या नावावर आपल्या मातीत काय काय चालतं हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. पण गोष्टीतलं भूत आणि अंगारा विकणाऱ्या बुवाचं भूत, दोन्ही वेगळी. बुवा म्हणतो, हे खरं आहे, पैसे ठेव. लेखक म्हणतो, हे खोटं आहे, तरी बघ तुला घाम फुटतो का. जो मुलगा बारा वर्षांचा असताना 'इथं लेखकानं मुद्दाम दिवा घालवला' हे ओळखायला लागतो तो पुढं बुवापुढं सहज वाकणार नाही, असं मला वाटतं. हे मी सिद्ध करू शकत नाही. माझे काही सभासद धारपही वाचतात आणि लिंबू-मिरचीही टांगतात. एक गोष्ट मात्र मुलाला जरूर सांगा. 'चेटकीण' हा शब्द पुस्तकात गंमत आहे; खऱ्या गावांत त्याच शब्दावरून बायकांना मारहाण झालेली आहे.

आता प्रत्यक्ष कसं द्यायचं. तुमचा मुलगा बहुधा इंग्रजी माध्यमात असेल. 'गूजबम्प्स' त्यानं वाचली असतील किंवा निदान पाहिली असतील, आर. एल. स्टाइनची ती मूळ मालिका १९९२ ते १९९७ मध्ये ६२ पुस्तकांची झाली आणि तिच्या प्रकरणाच्या शेवटी दचकवायचं, पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत 'अरे, हे तर मांजर' म्हणून सोडून द्यायचं, हा खाक्या पोरांना पाठ असतो. त्या वेगाची सवय असलेल्या मुलाच्या हाती धारप दिले तर दहाव्या पानावर तो म्हणेल, काहीच होत नाहीये. त्यातून मराठी अडखळत वाचणार. अडखळत वाचताना भीती वाटत नाही, कंटाळा येतो. म्हणून पहिली कथा तुम्ही वाचून दाखवा.

माझ्या भाचीचा मुलगा विश्रामबागेत राहतो, तेव्हा पाचवीला होता, त्याच्यावर मी हे केलंय. हरिपूरला चिंचांच्या रस्त्यानं त्याला सायकलवर घेऊन गेलो होतो, तिथं एका ओळखीच्यांकडं हळदीचं पेव दाखवलं. जमिनीखालची कोठी, अरुंद तोंड. उघडल्यावर लगेच उतरत नाहीत, आतली हवा खराब असते, हे त्याला घरमालकांनी सांगितलं. पोरगं वाकून अंधारात बघत राहिलं. त्या रात्री मी त्याला समर्थांची एक कथा वाचून दाखवायला घेतली. सपाट आवाजात, नाटक न करता; आवाज काढला की पोरं हसायला लागतात आणि खेळ संपतो. शेवटाच्या चार-पाच पानं आधी मला खोकला आला. पाणी पिऊन येतो म्हणालो आणि आलोच नाही, पुस्तक तिथंच पालथं ठेवून झोपलो. सकाळी पुस्तक मिटलेलं होतं आणि खूण शेवटच्या पानात होती. त्यानं काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

ही शेवटची गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात अवघड जाईल, कारण तुम्ही हौशी बाप दिसता. 'मी तुझ्याएवढा होतो तेव्हा आजीला उठवायचो' ही गोष्ट त्याला आधी सांगू नका. भीती वाटली का, हेही विचारू नका. तुम्ही मामाच्या कार्डावर चोरून वाचलेलं पुस्तक बापानं कौतुकानं हातात ठेवलं की ते शाळेचं पुस्तक होतं. ती पाचही पुस्तकं विक्रेत्याला परत पाठवायच्या गोष्टी करत होतात, तसं करू नका. तुमच्या कपाटात, विजेची बिलं आणि विम्याची कागदपत्रं असतात त्या कप्प्यात ठेवा, त्याचा हात पुरेल एवढ्या उंचीवर. किंवा सुट्टीत आजोळी जाल तेव्हा पाचगणीजवळच्या भिलारला एक दिवस काढा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, घराघरांत कपाटं आहेत. त्याला मोकळा सोडा आणि तुम्ही बाहेर अंगणात चहा पीत बसा.

भाचीच्या मुलाचं विचाराल तर तो आता नववीत आहे. त्या दिवसानंतर त्यानं माझ्याकडं रीतसर कार्ड काढलं, अनामत त्याच्या आजीनं भरली. सध्या त्याच्या नावावर 'शपथ' आहे. दोन महिने झाले. मी तारीख उलटून गेल्याची चिठ्ठी पाठवलेली नाही.